डॉक्टर वायली पुन्हा येणार

‘मेगा मॅन ९’ हा व्हिडिओ गेम २००८ साली आला. त्याच्या सेटिंग्जमध्ये एक पर्याय आहे, तो चालू केला की गेम बिघडतो. म्हणजे खरोखरच बिघडतो. पडद्यावर शत्रूंची गर्दी झाली की त्यातले एकदोघे मधूनच दिसेनासे होतात, उरलेले लुकलुकत राहतात, आणि गर्दी आणखी वाढली की सगळ्यांचीच चाल मंदावते. पर्याय बंद केला की चित्र स्वच्छ, चाल सुरळीत. कोणालाही वाटेल की हा दोष चुकून राहून गेला असावा. तसं नाही. तो मुद्दाम बनवलेला आहे, त्यावर माणसांनी काम केलेलं आहे, आणि तो नीट बिघडतो की नाही हे तपासणारंही कोणीतरी असणारच. ‘अजून पुरेसं लुकलुकत नाही, फेरसादर करा,’ असा शेरा मारून फाइल परत पाठवणारा वरिष्ठ मला डोळ्यांसमोर दिसतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ आला होता. त्यात न्यूयॉर्कच्या तोंडवळ्याचं अख्खं शहर होतं, रस्त्यावर वाहनं, पाऊस, फुटपाथवर चालता चालता फोनवर बोलणारी माणसं. ज्या यंत्रांवर हे शहर धावत होतं त्याच प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर, आणि सोबत निन्टेन्डोच्या वीवर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीनं एक ठेंगणा निळा यंत्रमानव आणून उभा केला. त्याचे चौकोन मोजता येत होते. रुंद पडद्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या सोडल्या होत्या, कारण १९८७ साली टीव्ही रुंद नव्हते.

मूळच्या लुकलुकण्यामागे कोणाची कल्पकता नव्हती. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्राला एका आडव्या रेषेत हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवता यायचे, आणि सगळ्या पडद्यावर मिळून चौसष्ट. एकट्या नायकातच त्यातले बरेच तुकडे खर्ची पडायचे. मग समोरून तीन शत्रू आले की यंत्राची पंचाईत. प्रोग्रामर मंडळींनी त्यावर तोडगा काढला होता तो असा की एका क्षणी एकाला लपवायचं, पुढच्या क्षणी दुसऱ्याला. म्हणजे कोणीच कायमचं नाहीसं होत नाही, आणि कोणीच धड दिसत नाही. गरिबीतून निघालेली ती युक्ती. एकवीस वर्षांनी श्रीमंती आल्यावर त्या गरिबीची हुबेहूब नक्कल करायला कंपनीनं पगारी माणसं बसवली.

नायकाची ओळख करून द्यायला हवी. जपानात याचं नाव रॉकमॅन, अमेरिकेत मेगा मॅन. पहिला गेम जपानात १७ डिसेंबर १९८७ रोजी आला. डॉक्टर लाइट नावाच्या सज्जन, दाढीवाल्या शास्त्रज्ञानं दोन यंत्रमानव घडवले. रॉक हा मुलगा, प्रयोगशाळेत हाताखाली मदतीला. रोल ही मुलगी, झाडलोट आणि घरकामाला. (आकाश जिंकणारं विज्ञान झाडूपाशी येऊन कसं थांबतं, यावर वेगळा लेख होईल.) लाइट यांचे सहकारी डॉक्टर वायली यांनी बाकीचे सहा यंत्रमानव पळवून जग जिंकायला काढलं. तेव्हा रॉक म्हणाला, मला लढाऊ करा. लाइट यांनी त्याच्या हाताच्या जागी तोफ बसवली आणि त्याला निळा रंग दिला. हा निळा रंगही परिस्थितीनंच ठरवला. फॅमिकॉमच्या मोजक्या रंगांत निळ्याच्या छटा त्यातल्या त्यात जास्त होत्या, असं या मालिकेचे चित्रकार आणि पुढे निर्माते झालेले केइजी इनाफुने सांगत आले आहेत. पात्राची मूळ कल्पना आकिरा कितामुरा यांची. इनाफुने तेव्हा कंपनीत नुकतेच लागलेले. पुढे जगानं त्यांनाच मेगा मॅनचा बाप ठरवून टाकलं, आणि ते बिचारे दर मुलाखतीत तसं नसल्याचं सांगत राहिले.

डॉक्टर लाइट यांच्या बुद्धिमत्तेबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण त्यांच्या आरेखनाबद्दल काही प्रश्न आहेत. या यंत्रमानवाला विचार करता येतो, न्यायअन्याय कळतो, हरवलेल्या शत्रूचं शस्त्र आत्मसात करता येतं. फक्त खाली वाकता येत नाही. समोरून डोक्याच्या उंचीवर गोळी येते आहे, आणि हा उभा. गुडघे द्यायला लाइटसाहेब विसरले. तोफ फक्त समोर चालते. वर नाही, खाली नाही, तिरकी तर नाहीच. आणि पडद्यावर एका वेळी तीनच गोळ्या. चौथी झाडायची असेल तर आधीच्या तिघींपैकी एक कुठेतरी लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत थांबायचं. तोपर्यंत गुडघ्याएवढा एखादा शत्रू सरपटत येऊन पाय धरतो.

त्यातही खरी दहशत पक्ष्यांची. वायलींच्या बड्या सेनापतींनी जितके मेगा मॅन मारले नसतील तितके यांत्रिक पाखरांनी मारले आहेत. तुम्ही एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उडी घेता, मध्ये दरी असते, आणि नेमक्या त्या क्षणी पडद्याच्या कडेकडून एक पाखरू येऊन तुम्हाला चाटून जातं. इजा नगण्य. पण धक्का लागला की मेगा मॅन एक पाऊल मागे जातो, हा त्याचा स्वभाव. आणि मागे दरी असते. अंगात भरपूर शक्ती शिल्लक असताना, सगळी शस्त्रं जवळ असताना, निव्वळ मागे सरकण्याच्या सवयीपायी गेलेला असा योद्धा इतिहासात दुसरा नसेल. पहिल्या भागात प्रगती जपून ठेवायची सोयही नव्हती. यंत्र बंद केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा श्रीगणेशा. दुसऱ्या भागात पासवर्ड आला, पंचवीस घरांच्या चौकटीतले लाल ठिपके. ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवायचे. एक ठिपका चुकला की आठवडाभराची मेहनत पाण्यात.

अमेरिकेत पहिला भाग विकायला ठेवला तो एका अजरामर मुखपृष्ठासह. गेममध्ये निळा पोरगेला यंत्रमानव. डब्यावर पिवळ्यानिळ्या पोशाखातला, चाळिशीकडे झुकलेला, अवघडून उभा असलेला एक गृहस्थ, हातात पिस्तूल. मागे ताडाची झाडं आणि स्फोट. हाताची तोफ आणि हातातलं पिस्तूल यांतला फरक चित्रकाराला कोणी सांगितलाच नसावा. या चित्राची इतकी वर्षं चेष्टा झाली की शेवटी तेच मालिकेचं भांडवल ठरलं. नवव्या भागाच्या प्रसिद्धीसाठी कॅपकॉमनं मुद्दाम त्याच वळणाचं वाईट चित्र काढून घेतलं. पुढे २०१२ मध्ये ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’ या मारामारीच्या गेममध्ये तो गृहस्थ स्वतः उतरला, पिस्तुलासह, आणि मधल्या वर्षांत सुटलेल्या पोटासह. वाईट चित्र काढणाऱ्यांनी यातून काय तो धडा घ्यावा. नुसतं वाईट काढून भागत नाही, पंचवीस वर्षं थांबावंही लागतं.

दुसरा भाग १९८८च्या डिसेंबरात आला. कंपनीची नेमून दिलेली कामं सांभाळून वरच्या वेळात तो करून घेतला गेला, आणि तो चालला, इतका की या मालिकेत सर्वोत्तम कोणता, या वादात आजही त्याचं नाव आधी निघतं. मग १९९३ पर्यंत मुक्कामच नाही. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. तिसऱ्यात मेगा मॅन जमिनीवरून घसरू लागला, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न लाइट यांनी निदान पाठीवर भागवला. शिवाय रश नावाचा लाल कुत्रा मिळाला. चौथ्यात तोफेत ऊर्जा साठवून एकदम मोठा गोळा टाकण्याची सोय झाली.

पण खरा विकास झाला तो डॉक्टर वायलींच्या सबबींचा. केस दोन्ही बाजूंना उडालेले, मिशा झुपकेदार, चेहरा थोडासा आइन्स्टाइनचा. प्रत्येक भागाच्या शेवटी ते हरतात. हरले की उडत्या बशीतून खाली पडतात, जमिनीवर गुडघे टेकतात (यांना गुडघे आहेत, हे लक्षात घ्या) आणि डोकं टेकवून माफी मागतात. मेगा मॅन माफ करतो. डॉक्टर पळून जातात. पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

तिसऱ्या भागात ते सुधारले. खरंच. लाइट यांच्याबरोबर मिळून जगात शांतता नांदवण्यासाठी एक प्रचंड यंत्रमानव बांधायला घेतला. तो बांधून झाला, आणि डॉक्टरांनी तोच पळवला. चौथ्या भागात वायली कुठेच नाहीत, खलनायक कोसॅक नावाचे रशियन शास्त्रज्ञ. शेवटाकडे कळतं की कोसॅक यांची मुलगी वायलींनी पळवली होती आणि बिचारे बाप म्हणून सगळं करत होते. पाचव्यात संशय नायकाच्या थोरल्या भावावर, प्रोटो मॅनवर. तोही तोतया निघाला, मागे वायली. आणि सहाव्यात तर कमाल. जगातल्या यंत्रमानवांची एक भव्य स्पर्धा भरते, तिचे उदार प्रायोजक मिस्टर एक्स. त्यांना लांब दाढी आहे आणि डोळ्यांवर काळा चष्मा आहे. हे मिस्टर एक्स अचानक जाहीर करतात की स्पर्धा हा बनाव होता आणि आता मी जग जिंकणार. मेगा मॅन त्यांच्या किल्ल्यात शिरतो, त्यांना हरवतो, तेव्हा ते दाढी काढतात. आत वायली. मेगा मॅनला धक्का बसतो. पडद्यापलीकडच्या आठ वर्षांच्या पोराला तो दाढी पाहूनच बसलेला असतो.

सहाव्याच्या शेवटी अखेर वायलींना तुरुंगात टाकतात. सातव्या भागात सहा महिन्यांत ते बाहेर. ‘मी आत गेलो तर मला सोडवा’ अशी सोय त्यांनी आधीच चार यंत्रमानवांना लावून दिलेली असते. एवढी दूरदृष्टी जग जिंकण्याच्या बेतात दाखवली असती तर ते पाचव्या भागातच जिंकले असते. सातव्याच्या शेवटी मेगा मॅनचाही संयम सुटतो. माफी मागणाऱ्या वायलींवर तो तोफ रोखतो आणि क्षणभर वाटतं की आता मालिका संपली. मग कोणीतरी येऊन डॉक्टरांना घेऊन जातं. मालिका संपून कशी चालेल? मेगा मॅनच्या दयाळूपणाचं फार कौतुक होतं, पण मला त्यात रोजगाराचा प्रश्न दिसतो. वायली गेले तर याला पुन्हा प्रयोगशाळेत बाटल्या धुवायच्या आहेत. कॅपकॉमलाही तेच.

१९९५ मध्ये सातवा, १९९६ मध्ये आठवा. आठवा प्लेस्टेशनवर आला, त्यात मधूनमधून ॲनिमेशनच्या चित्रफिती होत्या आणि पात्रं पहिल्यांदाच सविस्तर बोलत होती. इंग्रजी आवृत्तीत डॉक्टर लाइट यांना जो आवाज दिला होता, तो ऐकून इतक्या थोर माणसाला इतकी वर्षं गप्प का ठेवलं होतं याचा उलगडा झाला. ते अडखळत, बोबड्या उच्चारांत बोलतात, आणि त्यात वायलींच्या नावाचीही हयगय होते. पुढे बारा वर्षं मूळ क्रमांकांची रांग आठवर थांबली. तोवर आडनाव लावणारे नातेवाईक सुखानं नांदत होते. ‘मेगा मॅन एक्स’ १९९३ पासून, ‘लेजंड्स’ १९९७ पासून, ‘बॅटल नेटवर्क’ २००१ पासून. या शेवटच्यात तर नायक एका शाळकरी पोराच्या खिशातल्या यंत्रात राहतो. मूळपुरुषाची चौकशी कोणी करत नव्हतं.

आणि मग २००८. हा नववा भाग इंटी क्रिएट्स या कंपनीनं कॅपकॉमसोबत केला. कॅपकॉममधून बाहेर पडलेल्यांनीच १९९६ मध्ये ती काढलेली, म्हणजे घरचीच माणसं. त्यांनी ठरवलं की पुढे जायचं नाही, मागे जायचं. किती मागे, यावर त्यांचं उत्तर होतं दुसऱ्या भागापर्यंत. तिसऱ्यात शिकलेलं घसरणं रद्द. चौथ्यातला मोठा गोळा रद्द. संगीत जुन्या फॅमिकॉमच्या मोजक्या सुरावटींत बसवलेलं. आठव्या भागातले बोलके डॉक्टर लाइट पुन्हा मुके झाले, ही तर सुधारणाच म्हणायला हवी. शत्रूंत पहिल्यांदाच एक बाई आली, स्प्लॅश वूमन. आठ क्रमांकांच्या मालिकेत स्त्रीला सेनापती व्हायला एकवीस वर्षं लागली. रोल मात्र अजून घरीच.

मला या सगळ्यात आवडली ती एक खास गोष्ट. घसरता येणं आणि ऊर्जा साठवणं ही दोन्ही कौशल्यं गेममध्ये होतीच, फक्त ती प्रोटो मॅनकडे होती. आणि प्रोटो मॅन म्हणून खेळायचं तर सुमारे दोन डॉलर वेगळे मोजावे लागत. म्हणजे आधी गुडघे दिले नाहीत, मग त्यावर घसरण्याचा तोडगा दिला, मग आठवणींच्या नावाखाली तो काढून घेतला, आणि शेवटी तोच पॅकिंग करून परत विकला. वर प्रोटो मॅनला इजा दुप्पट होते. वायलींना दुकानदारी का जमली नाही हे यावरून कळतं. ते जग जिंकायला निघाले होते, जग विकायला नव्हे.

या भागात गोष्टही अशी आहे की लिहिणाऱ्याला दाद द्यावी. यावेळी बंड करणारे आठही यंत्रमानव लाइट यांचेच. धरण बांधणारा काँक्रीट मॅन, भूगर्भातली उष्णता सांभाळणारा मॅग्मा मॅन, फुलबाग राखणारा हॉर्नेट मॅन, अशी कामाची मंडळी. त्यांची मुदत संपलेली असते, कायद्यानं त्यांना भंगारात काढायचं असतं. वायली त्यांना गाठतात आणि सांगतात की तुमच्यावर अन्याय होतो आहे. धडधाकट असताना, काम येत असताना, निव्वळ तारीख उलटली म्हणून घरी बसवायचं? हा युक्तिवाद मला कुठेतरी ऐकलेला वाटला. आपल्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोपाची शाल मिळालेल्या माणसाला तो बिनचूक समजेल. काँक्रीट मॅनला निदान जुनी पेन्शन लागू केली असती तर पुढचा प्रकार टळला असता. आणि हे सगळं एका अशा गेममध्ये, ज्याचं स्वतःचंच यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं.

वायली टीव्हीवर येऊन सांगतात की यावेळी मी निर्दोष आहे, दोषी लाइट आहेत, आणि त्यांचे यंत्रमानव थांबवायला मला पैसे कमी पडताहेत, तरी जनतेनं सढळ हातानं देणग्या द्याव्यात. माझी एक जुनी शंका यातून मिटली. दर भागात यांचा कवटीच्या आकाराचा नवा कोरा किल्ला उभा राहतो, आतून दिवे, पाणी, लिफ्टसकट. तो पडतो, आणि वर्षभरात दुसरा. एवढा निधी आणि एवढ्या बांधकाम परवानग्या कुठून येतात हे मला कळत नव्हतं. शेवटी वायली नेहमीप्रमाणे गुडघे टेकतात. तेव्हा मेगा मॅन त्यांना जुन्या भागांतली त्यांचीच माफी मागतानाची चित्रं एकामागून एक काढून दाखवतो. मालिका स्वतःच्या तोंडावर आरसा धरते ती इथे. आणि तरीही, पुढच्याच मिनिटाला, लाइट आजारी असल्याची बतावणी होते, तोतया लाइट आडवा पडलेला असतो, भाऊ ‘जाऊ नकोस’ म्हणून बजावतो, मेगा मॅन जातो, झटका खातो, डॉक्टर पसार. सगळा दस्तऐवजी पुरावा हातात असूनही माणूस पुन्हा फसतो. हा गेम विकत घेणाऱ्यांना हे तपशीलवार समजावून सांगायची गरज नव्हती.

कारण तेही आपापल्या परीनं फसायलाच आले होते. ‘पूर्वीचे गेम काय कठीण असायचे, आताच्या पोरांना सगळं आयतं’ असं म्हणणारा जो वर्ग असतो, त्याच्यासाठी हा गेम बनला, आणि तो खरोखर कठीण आहे. एकदाही मार न खाता सगळा गेम संपवणं असं एक आव्हानही त्यात आहे. ते पुरं करणाऱ्याला मिळतं ते एक नाव, मिस्टर परफेक्ट. पण या वर्गाला हालही सोयीनं हवे असतात. म्हणून प्रगती जपून ठेवायची व्यवस्था आहे, वहीच्या मागच्या पानावर ठिपके काढायचे नाहीत. ऊर्जेचे डबे विकणारं दुकान आहे. लुकलुकणंही हवं तेव्हा बंद. बालपण जसंच्या तसं, फक्त गैरसोय तेवढी ऐच्छिक.

जुनं नव्यानं विकण्याच्या बाबतीत महाराष्ट्रात आपण बरेच पुढे होतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जो डबा आला तो बहुतेक घरांत फॅमिकॉमची नक्कल होता. त्यात घालायच्या त्या ‘कॅसेटी’. मारिओ आणि कॉन्ट्रा घराघरांत. मेगा मॅन फार थोड्यांच्या वाट्याला. कॅसेट चालेना की काढायची, तोंडाजवळ धरून फुंकायची, परत खोचायची, आणि तरी नाही चालली तर डब्याला एक चापट. या चापटीवर माझा आजही विश्वास आहे. तर त्या कॅसेटींवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. आत गेम चारपाच. तेच कधी तिसऱ्या पातळीपासून, कधी सातव्या, कधी जास्त जीव देऊन, वेगवेगळ्या नावांखाली पुन्हा पुन्हा. शिवाय मारिओचे असे भाग मिळायचे जे निन्टेन्डोनंही कधी पाहिले नव्हते, भलत्याच गेममधल्या भलत्याच माणसाला मारिओचं डोकं चिकटवलेले. जुनाच माल नवा आकडा घालून विकण्याची कला इथे विनापरवाना, पण पूर्णत्वाला गेली होती. कॅपकॉमला तिथवर यायला २००८ उजाडलं.

या नवव्या भागाचं कौतुक झालं, म्हणून दोन वर्षांतच दहावा आला, २०१० मध्ये. त्यात यंत्रमानवांना फ्लू होतो. रोबोएन्झा. रोल आजारी पडते (तेव्हा घर कोण झाडतं हे गेम सांगत नाही). शत्रूंमध्ये एक मेंढी आहे, शीप मॅन, आणि ती पूर्ण गंभीरपणे सेनापतीचं काम करते. शेवटी खुद्द वायलींना ताप भरतो, मेगा मॅन त्यांना दवाखान्यात नेऊन भरती करतो, आणि ते तिथूनही पळतात. जाताना बाकीच्यांपुरतं औषध मात्र ठेवून जातात. माझं त्यांच्याबद्दलचं मत इथे जरा मवाळ झालं.

त्याच वर्षी इनाफुने कंपनी सोडून गेले. २०११ मध्ये कॅपकॉमनं होऊ घातलेले दोन मेगा मॅन रद्द केले, त्यात ‘लेजंड्स ३’ होता, ज्यासाठी चाहत्यांकडून कल्पनाही मागवल्या गेल्या होत्या. चाहते पोरके. मग २०१३ मध्ये इनाफुने यांनी हाक दिली. मी मेगा मॅनसारखाच गेम करतो, पण नाव वेगळं, ‘मायटी नंबर ९’. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मागितले नऊ लाख डॉलर. लोकांनी दिले अडतीस लाखांच्या वर. टीव्हीवरून वायलींनी देणग्या मागितल्या होत्या तेव्हा लोक हसले होते. तो गेम २०१५ मध्ये यायचा होता, पुढे ढकलला, पुन्हा ढकलला, आणि २०१६च्या जूनमध्ये आला तेव्हा त्यातले स्फोट पिझ्झासारखे दिसतात, ही त्याबद्दलची सौम्य प्रतिक्रिया होती. यात मागे जाणारं काही नव्हतं, लुकलुकणारंही नव्हतं. जे नवं होतं ते मात्र जुनाट वाटत होतं. नक्कल करायची तर सरळ, उघड्या तोंडानं करावी, हे कॅपकॉमला कळलं होतं आणि खुद्द नक्कल होणाऱ्या मालिकेच्या माणसाला कळलं नाही.

अकरावा भाग २ ऑक्टोबर २०१८ रोजी आला. यावेळी चौकोन सोडले, चित्रं गुळगुळीत, घसरणंही परत. गोष्टीत वायलींना कॉलेजचे दिवस आठवतात. तेव्हा त्यांनी ‘डबल गिअर’ नावाची एक कल्पना मांडली होती आणि ती बाजूला सारून लाइट यांचं म्हणणं स्वीकारलं गेलं होतं. दहा भाग जग जिंकायची धडपड, आणि मूळ दुखणं एवढंच की प्रबंध नामंजूर झाला. विद्यापीठांनी सांभाळून असावं.

त्या गिअरपैकी एकाचं काम काय, तर बटण दाबलं की सगळं जग सावकाश चालू लागतं आणि तुम्हाला गोळ्या चुकवायला वेळ मिळतो. मी हे पाहिलं आणि म्हटलं, हे ओळखीचं आहे. १९८७ मध्ये यंत्राला झेपत नव्हतं म्हणून जग सावकाश व्हायचं, तो दोष. २००८ मध्ये यंत्राला झेपत असतानाही सावकाश करता यायचं, ती हौस. २०१८ मध्ये सावकाश होणं हे महान शस्त्र, आणि ते जपून वापरायचं, नाहीतर तापतं.

माझा भाचा हा भाग खेळत होता. त्यानं सुरुवातीलाच सगळ्यात सोपी पातळी निवडली, नवख्यांसाठीची. तिच्यात जीव संपतच नाहीत. म्हटलं, अरे, निदान एकदा दरीत पडून तरी बघ, आमच्या वेळी…

“पडलोच की मामा,” तो म्हणाला.

आणि खरंच पडला होता. पण त्या पातळीत दरीत पडलं की एक निळं यांत्रिक पाखरू, बीट नावाचं, खालून येतं आणि अलगद उचलून वर आणून ठेवतं. इतकी वर्षं आम्हाला दरीत ढकलणाऱ्या जातीतलं. मी म्हटलं, हे पक्षी पूर्वी असे नव्हते.

“मग कसे होते?”

मी सांगू लागलो. त्यानं गिअर दाबला, पडद्यावरचं जग सावकाश झालं, आणि बरोबर तितक्या वेळात तो पुढच्या फळीवर पोचला.